मधे बसणारी बाई

सोलापूर, ता. ९ मार्च १९३४

त्यांनी त्याला पायाला धरून जिन्यावरून ओढलं, बिरप्पा. मी वरून त्याचा सदरा धरला होता. सदरा फाटून माझ्या हातात राहिला आणि त्याचं डोकं एकेका पायरीवर आपटत खाली गेलं. चौदा पायऱ्या आहेत. "आत्ती, दार लाव," एवढंच तो मधे म्हणाला. शेवटच्या पायरीनंतर काही म्हणाला नाही.

तुझ्या गुंडाला आज सकाळी पोलिसांनी माझ्या खोलीतून नेलं. काल संध्याकाळी तो माझ्याकडे लपायला आला होता. या शहरात त्याला दुसरं कुणी नाही. मी ख्रिस्ती झाले म्हणून तू माझे दिवस घातलेस हे त्याला ठाऊक आहे. तरी आला.

गुंडाच्या गिरणीतला, माग आणि कांडी या दोन्ही खात्यांचा जॉबर तिप्पण्णा, म्हणजे माणसं कामावर घेणारा आणि काढणारा, बुधवारी सकाळी चाळीमागच्या गटारात मेलेला सापडला. कवटी मागून फुटली होती. संप चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी गिरणीच्या दारात त्यानं गुंडाच्या पोटात लाथ घातली होती, आणि गुंडा शंभर माणसांदेखत ओरडला होता, "तुजं डोस्कं फोडलं न्हाय तर बापाचं नाव लावनार न्हाय." पोलिसांना एवढं पुरलं.

तो कुणाला मारणार नाही असं मी म्हणत नाही. आपल्या घरातली माणसं मारतात. माझा डावा कान तुझ्या काठीनं गेला. पण मंगळवारी संध्याकाळी तो मैदानातल्या सभेला होता, असं त्यानं मला जेवताना सांगितलं, आणि खोटं बोलताना तो जेवत नाही, तुझ्यासारखाच आहे. त्याच्या बाजूनं बोलणारे सगळे संपवाले आहेत. त्यांचं कुणी ऐकत नाही.

तू येऊ नकोस. बापालाही आत घेतात. त्याच्या आईला, मायाक्काला, एवढंच सांग की तो जिवंत आहे.

तुला अक्षरं मीच शिकवली, मेंढरांमागे, धुळीत. माझी पत्रं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

बाळाबाई

ता. १४ मार्च

तुझं कार्ड मिळालं. "गोऱ्या पाद्र्याला दोन शब्द टाकायला सांग की. येवढी वर्सं त्याची भांडी घासलीस ती कशापायी?"

भांडी मी पहिली तीन वर्षं घासली. मग जुन्या फादरांची दृष्टी गेली आणि त्यांना लॅटिन पुस्तकं वाचून दाखवायला कुणी नव्हतं. त्यांनी मला ती अक्षरं शिकवली, अर्थ नाही. अर्थ न कळता मी दोन वर्षं मोठ्यानं वाचलं. एक दिवस मी एका ओळीवर थांबले आणि म्हणाले, हे मागच्या पानाच्या उलट आहे. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागले. ते गेले, मी शिकतेच आहे. आता मराठीत पुस्तक लिहिते आहे, पापनिवेदनावर. आपण केलेलं पाप फादरांपुढे तोंडानं बोलायचं आणि देवाची क्षमा घ्यायची, त्याला पापनिवेदन म्हणतात. सात वर्षं लिहिते आहे. प्रकरण पुरं झालं की पुण्याला तपासायला जातं आणि तांबड्या पेन्सिलीनं भरून परत येतं. तिथले विद्वान मला लिहीत नाहीत. फादरांना लिहितात, "बाईला सांगा."

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज का सांगते ते मला माहीत नाही.

आताचे फादर परदेशातून आले त्याला चार वर्षं झाली. ते कलेक्टरच्या बंगल्यावर गेले. दोन तास व्हरांड्यात बसले. साहेब भेटला नाही.

मी चौकीत गेले. फौजदार पान खात होता. मी हात जोडले. तो शिपायांकडे बघून म्हणाला, "बाई, तुमचा देव मेलेल्याला उठवतो म्हनं. तिप्पण्णाला उठवा की. लगेच सोडतो पोराला." सगळे हसले. मीही हसले असेन. मला आत जायचं होतं.

गुंडाच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. तीन बोटांची नखं काढली आहेत. मधलं बोट मोडलं आहे, ते मागच्या बाजूला झुकतं. भाकरी धरता येत नव्हती म्हणून मी गजांतून घास दिले. "आत्ती, तुजी भाकरी लई जाड असती," म्हणाला. दुसऱ्या घासाला म्हणाला, "कबूल हो म्हनत्यात. आजून एक हात हाय म्हनत्यात."

पाठ मी पाहिली नाही. तो भिंतीला टेकत नव्हता.

बाळाबाई

ता. १८ मार्च, रविवार

आज फार लिहिता येणार नाही.

ईस्टर जवळ आला आहे. त्याआधी प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियम आहे. इथल्या बऱ्याच बायका कानडी बोलतात आणि फादरांना मराठी अर्धी येते, कानडी नाही. म्हणून मी मधे बसते. एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला पडदा, पडद्यापलीकडे बाई. उजवा कान तिच्याकडे. ती कानडीत बोलते, मी फादरांना लॅटिनमध्ये सांगते, म्हणजे बाकावर थांबलेल्या बायकांना कळत नाही. फादर लॅटिनमध्ये उत्तर देतात, मी कानडीत सांगते.

काल अकरा बायका होत्या. आधी अंगणात बसून त्यांची थट्टा चालली होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या कांडीखात्यातली ईरम्मा, विधवा आहे, तोंडाची फटकळ, ती म्हणाली, "पाद्री नुसता नंदीबैलावानी मान हलवतो. खरा पाद्री तूच की, अक्का." बायका हसल्या. मी तिला गप्प बस म्हटलं.

तिथे जे बोललं जातं ते फादर मरेपर्यंत कुणाला सांगू शकत नाहीत. मधे बसणाऱ्या बाईलाही तेच बंधन आहे. मारून टाकलं तरी. माझ्या तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं आहे की मधे बसणारीनं ऐकलेल्यातलं काही ठेवू नये आणि आपलं काही घालू नये. सबंध पुस्तकात ते एकच पान पुण्याहून तांबडी रेघ न पडता परत आलं.

तेव्हा शनिवारबद्दल मला काही विचारू नकोस.

कालपासून फादर आणि मी एकमेकांशी बोललेलो नाही. समोरासमोर बसून जेवतो. ते मीठ मागत नाहीत, हात लांबवून घेतात.

गुंडाच्या डाव्या हाताचं काय झालं ते लिहीत नाही. तो सुटेल. कसं ते विचारू नकोस. मायाक्काला सांग, सुटेल.

बाळाबाई

ता. २० मार्च

काल ईरम्मा मेली.

सकाळी नऊला ती माझ्या दाराशी आली. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल. तिची मुलगी बरोबर होती, बारा वर्षांची, नाव शिवम्मा. मुलीच्या हातात एक गाठोडं आणि पितळेचा तांब्या. "हिला ठेवून घे," म्हणाली, आणि चालू लागली. मी मुलीला आत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि तिच्या मागे गेले. वीस पावलं अंतर ठेवून. जवळ का गेले नाही ते पुढे कधीतरी लिहीन.

चौकीच्या कोपऱ्यावर बैलगाड्यांचा अड्डा आहे, त्याला लागून चहाचं दुकान. तिप्पण्णाचे दोघे भाऊ रोज तिथे बसतात, गुंडाला कोर्टात नेताना बघायला मिळावं म्हणून. ईरम्माला ते माहीत होतं. सगळ्या चाळीला माहीत होतं. ती दुसऱ्या रस्त्यानं जाऊ शकली असती.

ती रस्त्याच्या मधे उभी राहिली आणि मोठ्यानं ओरडली. आधी कानडीत, मग मराठीत. "तिप्पण्णाला मी मारलं. म्या, ईरम्मानं. वरवंट्यानं. धनगराच्या पोरानं न्हाय." तीन वेळा ओरडली. फौजदार व्हरांड्यात आला होता. त्यानं ऐकलं, त्याच्या शिपायांनी ऐकलं, अड्ड्यावरच्या गाडीवानांनी ऐकलं.

थोरल्या भावानं एका गाडीच्या जुवाची शिवळ, हातभर लाकडी दांडी, उपसली. पहिला घाव तिनं हातावर घेतला. हात कोपरातून खाली लोंबला. दुसरा कानशिलावर बसला. ती खाली बसली, पडली नाही, पदर सावरत होती. धाकट्यानं तिचे केस धरून मान वर केली आणि थोरल्यानं तोंडावर मारलं. नंतर मी मोजलं नाही. दात रस्त्यावर पडले होते. फौजदार व्हरांड्यातून उतरला तेव्हा तिचा चेहरा राहिला नव्हता. तो उशिरा उतरला. चौदा पायऱ्या नव्हत्या, तीन होत्या.

मी पोचले तेव्हा ती श्वास घेत होती. फेस येत होता. माझ्या उजव्या कानाशी तिनं काहीतरी म्हटलं. शब्द नव्हते, नुसती हवा. मी तिच्या कपाळावर क्रूस केला. माझा हात रक्तानं भरला.

दोघे भाऊ आत आहेत. त्यांना वकील मिळाला आहे.

मुलीला मी दुपारी सांगितलं. तिनं विचारलं, "अव्वाचं लुगडं कुटं हाय?"

फौजदारानं माझा जबाब घेतला. ईरम्मा काय ओरडली तेवढं मी सांगितलं, ते सगळ्यांनीच ऐकलं होतं. तो म्हणाला, "तुमाला आदीच ठावं व्हतं का, बाई?" मी जबाबाचा कागद ओढून सही केली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याचं काम झालं होतं.

बाळाबाई

ता. २६ मार्च

गुंडा गुरुवारी सुटला आणि शुक्रवारी अक्कलकोटच्या गाडीनं तुझ्याकडे आला, हे तुझ्या पत्रावरून कळलं. दोन्ही हातांची हळद रोज बदला. डाव्या हाताची करंगळी बहुधा काळी पडेल. पडली तर वाट न बघता दवाखान्यात न्या. त्याला मागावर आता काम करता येणार नाही. मेंढरं राखता येतील.

तू लिहितोस, "अक्का, तुज्या देवानं माजं पोरगं दिलं. म्या आन मायाक्का येतो. तुज्या देवळात बसतो, तू म्हनशील तितं डोकं टेकतो. मागलं सगळं इसर." सोळा वर्षं या पत्राची मी वाट पाहिली. ते तीन वेळा वाचलं. आता जे लिहिते ते वाचल्यावर ये किंवा येऊ नकोस.

हे लिहिणं हेच पाप आहे. मेलेल्या माणसाचं पापनिवेदनही बंदच राहतं. पण देवानं दिलं असं तू सगळ्या गावाला सांगत फिरशील, ते मला ऐकून घेता येणार नाही.

शनिवारी, सतरा तारखेला, नववी बाई ईरम्मा होती.

तिनं सांगितलं. मंगळवारी सगळी चाळ सभेला गेली होती. तिप्पण्णा तिच्या खोलीत आला. तो आधीही यायचा. कामावर राहायचं तर ते सोसावं लागतं, त्या खात्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो तिच्यासाठी आला नव्हता. त्यानं मुलीचा दंड धरला आणि ईरम्माला म्हणाला, बाहेर बस. ती मिरची वाटत होती. तिनं वरवंटा उचलून मागून घातला. चार वेळा. तो खाली पडला, पुन्हा उठला, दार उघडून दारुड्यासारखा चालत गेला आणि गटारात पडला. ती परत येऊन बसली. वरवंटा धुतला आणि राहिलेली मिरची वाटली. शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी असते. वाटणाचा आवाज थांबला तर ती विचारील म्हणून.

मी हे फादरांना लॅटिनमध्ये सांगितलं. वरवंट्याला शब्द आठवला नाही. दगड म्हटलं.

चौकीत गुंडा आहे हे फादरांना माहीत होतं. तो माझा कोण हेही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "तिला सांग, देवानं तिला टाकलेलं नाही. सरकारकडे जा असं बंधन मी तिला घालू शकत नाही. तिनं त्या मुलाला अडकवलेलं नाही, आणि तिला मुलगी आहे. तिला वाटलं तर तिनं जावं. त्या मुलासाठी आपण सगळे प्रार्थना करू."

ते बरोबर होतं. तो सगळा विचार मी जुन्या फादरांना चार पुस्तकांतून वाचून दाखवला आहे. माझ्या पाचव्या प्रकरणात तो आहे. तो मीच लिहिला आहे.

त्याच सकाळी मी गुंडाचा डावा हात पाहिला होता.

मी पडद्याकडे तोंड केलं आणि कानडीत म्हणाले, "फादर म्हणतात, चौकीत जाऊन सांगितल्याशिवाय देव क्षमा करणार नाही."

मग तिनं विचारलं, "असं म्हणाला पाद्री?"

"हो."

"आणि पोरगी?"

मी फादरांकडे वळले. मुलीचं काही विचारलं नाही. विचारलं, प्रायश्चित्त काय द्यायचं. ते म्हणाले, दहा वेळा मरियेची प्रार्थना. मी पडद्याकडे वळले आणि म्हणाले, "फादर म्हणतात, पोरीला अक्का सांभाळील."

"मग ठीक," ती म्हणाली.

फादरांनी हात वर केला आणि क्षमेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. ते लॅटिन तिला कळत नव्हतं. तिनं विचारलं, "झालं?" देवाची क्षमा त्या क्षणी तिला मिळाली होती. मी म्हणाले, "चौकीत जाशील तेव्हा होईल." नंतर आणखी दोन बायका होत्या. त्यांचंही मी सांगितलं, शब्दाला शब्द.

म्हणून मी वीस पावलं मागे चालत होते. जवळ गेले असते तर तिनं पुन्हा विचारलं असतं, आणि मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. मला खात्री नाही. अंतर मी त्यासाठीच ठेवलं होतं.

तू म्हणशील, एक बाई गेली आणि तुझं पोर वाचलं, आणि खून तिनंच केला होता. मीही आठ दिवस असंच म्हणून पाहिलं. त्याला आधार देणारी पानंही मला सापडतील. पण ते पोर मी वाचवलेलं नाही. ईरम्मानं वाचवलं, आणि तिला वाटलं की देवानं सांगितलं. देवाला तसं बोलायला लावलं ते मी.

शिवम्मा माझ्याकडेच आहे. बोलत नाही फारसं. काल भाकऱ्या थापताना म्हणाली, "पाद्री काय म्हनला व्हता अव्वाला? ती त्या रात्री जेवली न्हाय." मी म्हणाले, नंतर सांगते. तिला सांगायचं आहे. पण आधी ज्यांच्या तोंडी मी ते घातलं त्यांना. उद्या मिस्सेच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, आधी फादरांपुढे जाणार आहे. यानंतर मधे बसायला मला कुणी ठेवणार नाही. पुस्तकही पुण्याला जाणार नाही.

हे पत्र मायाक्काला वाचून दाखवू नकोस. गुंडालाही नाही. तू वाच आणि ठरव.

बाळाबाई

ता. २७, सकाळ

पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून खाली लिहिते.

सहा वाजता फादरांपुढे गुडघे टेकले. मधे कुणी नव्हतं. मी लॅटिनमध्ये सांगितलं की ईरम्माला मी त्यांचे शब्द बदलून सांगितले. त्यांनी विचारलं, नेमकं काय सांगितलंस. मी लॅटिनमध्ये सांगायला लागले. ते म्हणाले, "नाही. जसं म्हणालीस तसं." मी ते वाक्य कानडीत म्हटलं. मग त्यांनी पुढचं वाक्य कानडीत म्हटलं, पोरीला अक्का सांभाळील हे. ते मी अजून सांगितलं नव्हतं.

"कानडी दोन वर्षं शिकतोय," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नव्हतं."

त्यांनी हात वर केला नाही. म्हणाले, ऐकून मीही काही बोललो नाही, आधी मलाच पापनिवेदनाला जावं लागेल. मिस्सा झाली नाही. दहाच्या गाडीनं फादर पुण्याला गेले.